दिसत होतं ना बरोबर?

मंडळी, हा लेख मागच्याच शनिवारी यायचा होता. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की एका नावातलं एक अक्षर अजून कळायचंय. ते कळल्याशिवाय लेख टाकण्यात अर्थ नव्हता. कुठलं अक्षर ते शेवटी येईलच.

तर झालं असं. दिवाळीला मेहकरला घरी गेलो होतो. फराळ झाला, आणि अण्णांनी कपाटातून एक सीडी काढून माझ्यासमोर ठेवली. वर स्केच पेनानं लिहिलेलं, ‘गावचा इतिहास, २००१’. अण्णा माझे वडील, निवृत्त शिक्षक, वय ७९. आमचं मूळ गाव मेहकर तालुक्यातलंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या गावाचा इतिहास लिहिला होता. हातानं लिहिलेली चार रजिस्टरं. मग ती मेहकरातल्या एका डीटीपीच्या दुकानात देऊन टाईप करून घेतली, एकशे चाळीस पानांची एक स्पायरल प्रत काढली आणि पैसे जमले की पुस्तक छापू असं ठरवलं. पैसे जमले तेव्हा ताईचं लग्न आलं, मग घराचा स्लॅब आला, आणि पुस्तक राहिलं ते राहिलंच.

आता रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. स्पायरल प्रत आहे, पण तिचीही शेवटची काही पानं वाळवीच्या पोटात गेलीत. राहिली सीडी. नशिबानं ती वाचली गेली (बाहेरून सीडी ड्राईव्ह मागवावा लागला, तो भाग वेगळा). फाईल उघडली आणि पडद्यावर काय आलं म्हणता? टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच अधिक-उणे. एकशे चाळीस पानं नुसती तशीच.

अण्णा चष्मा पुसून पुढे वाकले. म्हणाले, “हे काय होय रे बाप्पा?”

मी सांगितलं, की अण्णा, त्या दुकानात जो फॉण्ट होता तो आता कुठे मिळत नाही. दुकानही बंद झालंय.

“पन मी सोता बसून तपासलं होतं. पडद्यावर बरोबर दिसत होतं ना!”

हे त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. पडद्यावर बरोबर दिसत होतं, कागदावर बरोबर आलं होतं, मग चुकलं कुठे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी छापखान्यांपासून मार्कडाउनच्या प्रिव्ह्यूपर्यंत येऊन पोचलो. आजचा लेख म्हणजे तोच प्रवास.

आपण लिहितो एका जागी आणि ते दिसतं दुसऱ्या जागी. ही भानगड संगणकानं आणलेली नाही. खिळ्यांच्या छापखान्यात ती होतीच. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं. म्हणजे लिहिणाऱ्याला सरळ दिसणारा मजकूर जुळवणाऱ्याला आरशातला दिसायचा. ओळी जुळल्या की गॅलीत बांधायच्या, शाई फिरवायची आणि एक कागद दाबून काढायचा. तो कागद म्हणजे प्रूफ. चुका पहिल्यांदा दिसायच्या त्या तिथे. अण्णा सांगतात, शाळेच्या गॅदरिंगची पत्रिका छापायची तर प्रूफ बघायला एसटीनं मेहकरला यायचं, चुका खुणा करून द्यायच्या आणि शेवटच्या गाडीनं परत. दुसरं प्रूफ बघायला पुन्हा आठवड्यानं. म्हणजे लिहिणं आणि दिसणं यांच्यात एक आठवडा आणि दोन तिकिटं!

आणि हे तर जवळचं झालं. बुलढाणा जिल्ह्याचं इंग्रजांनी तयार केलेलं गॅझेटियर १९१० चं. संपादक ए. ई. नेल्सन. खामगावचा कापूस, मेहकरचा बालाजी, लोणारचं सरोवर, सगळं त्यात आहे. ते छापलं कुठे? कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये. जिल्हा इथे, आणि जिल्ह्याचं प्रूफ हजारावर किलोमीटर दूर. या प्रेसचं मूळ जातं सेरामपूरला, जिथे विल्यम कॅरीनं १८०५ साली मराठी व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठी कोश काढला, तोही मोडी खिळ्यांत. आपली अक्षरं आपल्यापासून इतक्या दूर जाऊन पहिल्यांदा छापली गेली हे मला नेहमीच गमतीचं वाटतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रूफ हरवलं तर काही बिघडत नव्हतं. लेखकाच्या हातची प्रत होती. ती कुणालाही वाचता यायची. प्रूफ हे फक्त बघण्यापुरतं.

आता संगणकावर येऊ. इथे दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट: पडद्यावर दिसेल तेच कागदावर येईल. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत १९७४ साली बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ नावाचा संपादक केला, ती या वाटेची सुरुवात. १९८४ साली मॅकिंटॉश आला, १९८५ साली पेजमेकर आला, आणि डीटीपी हा शब्द गल्लीतल्या पाट्यांवर जाऊन बसला. लिहिणं आणि दिसणं एकाच जागी आलं. प्रूफसाठी एसटी पकडायची गरज संपली.

दुसरी वाट अगदी उलटी. मजकूर साधा लिहायचा, मधे खुणा करायच्या आणि एका प्रोग्रामकडून पान तयार करून घ्यायचं. डोनाल्ड क्नुथचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. नव्या यंत्रावर जुळवलेली. ती त्याला इतकी कुरूप वाटली की तो पुस्तक बाजूला ठेवून टाईपसेटिंगचा प्रोग्रामच लिहायला बसला. तेच ‘टेक’. त्यात लिहिताना नुसत्या खुणा दिसतात, पान कसं दिसेल ते प्रोग्राम चालवल्यावर. पुन्हा प्रूफच, फक्त आठवड्याऐवजी काही मिनिटांत.

आता अण्णांच्या सीडीचं काय झालं? ती पहिल्या वाटेनं गेली होती, आणि मराठीसाठी त्या वाटेत एक खड्डा होता.

त्या काळच्या साध्या फॉण्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं. ती इंग्रजी आणि युरोपी अक्षरांसाठी ठरलेली. आपल्या फॉण्ट करणाऱ्यांनी युक्ती केली. घराचा क्रमांक तोच ठेवायचा, फक्त त्या घरात रोमन अक्षराच्या जागी देवनागरी तुकड्याचं चित्र काढायचं. एका घरात अर्धा ‘क’, एका घरात काना, एका घरात रफार. चित्रं एकापुढे एक ठेवली की पडद्यावर सुरेख मराठी. पण फाईलमध्ये काय साठतं? घरांचे क्रमांक. तो फॉण्ट आहे तोवर त्या क्रमांकांना अर्थ, फॉण्ट गेला की अर्थ गेला. आणि प्रत्येक कंपनीचं घरवाटप वेगळं!

याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आपली पहिली वेलांटी. ‘किती’ म्हणताना आपण आधी ‘क’ म्हणतो, मग ‘इ’. पण कागदावर वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. त्या फॉण्टांमध्ये जे दिसतं तेच टाईप करायचं, म्हणून आधी वेलांटी, मग ‘क’. फाईलमध्येही तसंच. म्हणजे फाईलमध्ये भाषा नव्हतीच, नुसतं चित्र होतं. चित्रात शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या फॉण्टात वाचता येत नाही.

याला पर्याय नव्हता असं नाही हं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान नेमकं याच्या उलट विचार करत होतं. अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवायची, दाखवताना वेलांटी अलीकडे न्यायची. त्यातून ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचं प्रमाण आलं, आधी १९८८ आणि मग १९९१ साली. १९८८ च्या इस्कीवरूनच युनिकोडनं १९९१ साली आपला देवनागरीचा तक्ता घेतला. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉण्टासकट तो सगळ्यांच्या संगणकावर पोचू लागला. पण २००१ साली मेहकरच्या डीटीपीवाल्याला याच्याशी काय घेणं? त्याला लग्नपत्रिका छापायच्या होत्या. पत्रिका सुरेख निघत होत्या. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी हे सगळं अण्णांना सांगत होतो तेव्हा ते मधेच म्हणाले, “म्हनजे सकळ लिपीच झाली की हे!”

मराठीचा मास्तर शेवटी! आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात आमच्या भागातून फिरले, ‘लीळाचरित्रा’त मेहकर आहे, लोणार आहे. म्हाइंभटांनी त्या आठवणी गोळा करून ऋद्धिपूरला ग्रंथ लिहिला. ती मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी स्मरणातून पुन्हा लिहून काढली, अशी परंपरा आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरं. त्यातली प्रमुख ती सकळ लिपी. पंथातल्यांना किल्ली माहीत होती, बाहेरच्यांना नव्हती. त्यामुळे मराठीचा सगळ्यात जुना गद्य ठेवा मठांमध्ये शतकानुशतकं सुखरूप होता आणि बाहेर कुणालाही वाचता येत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे तो सगळ्यांसमोर आला.

फरक एवढाच, की महानुभावांनी कुलूप मुद्दाम लावलं होतं आणि किल्ली जपली होती. आम्ही कुलूप लावलंय हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मग मी तेच केलं जे राजवाड्यांनी केलं (तुलना क्षम्य असावी!). स्पायरल प्रत शेजारी ठेवली, फाईलमधले क्रमांक घेतले आणि घरांचा तक्ता मांडत गेलो. हे घर म्हणजे ‘म’, हे म्हणजे काना. दोन दिवसांत तक्ता झाला. वेलांट्या उचलून पलीकडे नेणारा छोटा प्रोग्राम लिहिला, रफार अलीकडे आणणारा दुसरा. आणि एकशे चाळीस पानं युनिकोडमध्ये आली. चुका भरपूर, पण मराठी!

आता प्रश्न असा, की हे ठेवायचं कशात? पुन्हा एखाद्या सुंदर प्रोग्रामच्या सुंदर फाईलमध्ये? दुधानं तोंड पोळलं होतं. मी मार्कडाउन निवडलं.

मार्कडाउन म्हणजे काय ते प्रोग्रामर मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. २००४ च्या मार्च महिन्यात जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन लेखकानं ही पद्धत मांडली. खुणा ठरवताना ॲरन स्वार्ट्झ या तरुणाची मदत होती. ग्रुबर आपले लेख साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचा. आत एचटीएमएलच्या कंसांचं जंगल, आणि वाचून बघायचं तर ब्राउझर उघडायचा. लिहायची जागा वाचण्यासारखी नव्हती. म्हणून त्यानं ईमेलमध्ये लोक आधीपासून करत होते त्याच खुणा घेतल्या. मथळ्याआधी #, ठळक शब्दाभोवती दोन दोन चांदण्या, परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ. आणि अट एकच, की काहीही न करता ती फाईल जशी आहे तशी माणसाला वाचता आली पाहिजे. एचटीएमएल तयार करायला पर्लमधला एक छोटा प्रोग्राम दिला.

म्हणजे दोन वाटांपैकी ही दुसरी, पण सोपी केलेली.

तरी पान कसं दिसतंय ते बघायची ओढ माणसाला असतेच. सुरुवातीला लोक काय करत? फाईल लिहायची, प्रोग्राम चालवायचा, ब्राउझरमध्ये जाऊन एफ-५ दाबायचं. चूक दिसली की परत एडिटर. मग एडिटरांनी ते काम अंगावर घेतलं. ईमॅक्सचं मार्कडाउन मोड २००७ साली आलं, त्यात दोन-तीन कळा दाबल्या की पान थेट ब्राउझरमध्ये. २०११ साली वेबसॉकेटचं प्रमाण ठरलं आणि मग एफ-५ सुद्धा गेलं. आता होतं असं: एडिटरमधलं प्लगिन तुमच्याच संगणकावर एक छोटासा सर्व्हर चालू करतं. तुम्ही टाईप केलंत की मजकूर त्याच्याकडे जातो, तो एचटीएमएल बनवतो आणि ब्राउझरकडे ढकलतो. ब्राउझर त्या पानाशी जोडलेलाच असतो, पान जागच्या जागी बदलतं. डावीकडे लिहा, उजवीकडे दिसलं. छापखान्यातला आठवडा आता डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो.

मी माझ्या लॅपटॉपवर व्हिममध्ये हे चालू केलं, आणि मला एक कल्पना सुचली. अण्णांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं कमी दिसतं. लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांना वाचवत नाही. पण भाच्याचा टॅबलेट घरात होता. हा सर्व्हर एरवी फक्त आपल्याच संगणकाला उत्तर देतो. त्याला घरातल्या वायफायवरच्या इतरांनाही उत्तर द्यायला सांगितलं (हे घरीच करा बरं, स्टेशनवरच्या वायफायवर नको), टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकला, अक्षर दुप्पट मोठं केलं आणि टॅबलेट अण्णांच्या हातात दिला. ते झोपाळ्यावर, मी ओट्यावर.

पहिल्याच फटक्यात टॅबलेटवर कचरा! अण्णांचा चेहरा उतरला. “झालं, पुन्हा गेलं!” पण हे साधं होतं. पान युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आहे हे मी पानाच्या डोक्यावर लिहायला विसरलो होतो. ती एक ओळ घातली, आणि मराठी उमटलं. पान मराठी भाषेचं आहे हेही तिथे लिहिलं, म्हणजे ज्या फॉण्टात सोय असते तिथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. अण्णांनी तो ‘ल’ बघून मान डोलावली.

मग तीन दिवस आमचा छापखाना चालला. ते वाचायचे, चूक दिसली की ओरडायचे. “तिसऱ्या ओळीत, शिंदखेडची वेलांटी पळाली!” मी दुरुस्त करायचो आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वेलांटी जागेवर यायची. पहिल्यांदा ते झालं तेव्हा ते टॅबलेटकडे बघतच राहिले. म्हणाले, “कंपोझिटर आतमंधी बसला का काय?”

मार्कडाउन इंग्रजीवाल्यांनी केलंय, त्यामुळे मराठीशी त्याची थोडी कुरबुर होते. प्रिव्ह्यू नसता तर ती कळलीही नसती. एक उदाहरण देतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. मी ‘लीळाचरित्रा’त असं लिहिलं तर टॅबलेटवर चांदण्याच दिसल्या, अक्षर ठळक झालंच नाही. कारण २०१४ साली ‘कॉमनमार्क’ नावानं जे नियम नीट बांधले गेले, त्यांत शेवटच्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आलं तर ती खूण मिटलीच असं धरत नाहीत. इंग्रजीत अवतरणाला लागून ‘त’ कशाला येईल? उपाय सोपा, अवतरणचिन्हं चांदण्यांच्या बाहेर ठेवायची.

दुसरी अडचण मात्र मोठी होती, आणि तिथेच सगळं थांबलं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण १९७२ च्या दुष्काळाचं. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. अण्णा तेव्हा नुकतेच मास्तर झालेले. अक्षर चांगलं म्हणून संध्याकाळी मुकादमाला हजेरी उतरवून द्यायला जात. लोक दिवसभर माती वाहत, सुकडी खात. त्या कामावरच्या आमच्या गावातल्या ४३ जणांची नावं अण्णांनी आपल्या वहीत उतरवून ठेवली होती, आणि ती पुस्तकात क्रमांक घालून दिली होती. आज ती यादी दुसरीकडे कुठेही नाही. आणि वाळवीनं खाल्लेली पानं नेमकी हीच.

त्या पानावर आलो आणि अण्णा गप्प. मग म्हणाले, “हे लोक एकमेकांत मिसळले रे.”

बघितलं तर खरंच. ४३ नावं एका लांबलचक परिच्छेदात, मधे मधे आकडे. कारण मार्कडाउनला क्रमांकाची यादी कळते ती इंग्रजी आकड्यांची. मराठी १, २, ३ त्याच्या लेखी आकडेच नाहीत. ओळी वेगळ्या असल्या तरी मधे रिकामी जागा नाही म्हणून त्यानं सगळं एकत्र केलं.

मी म्हणालो, “सोपं आहे अण्णा. फाईलमध्ये इंग्रजी आकडे लिहितो, आणि दाखवताना ते मराठीत दाखव असं ब्राउझरला सांगतो. एका ओळीचं काम.”

अण्णांनी टॅबलेट मांडीवर ठेवला. “म्हनजे लिहायचं एक आन् दिसायचं दुसरं? मग त्या डीटीपीवाल्यानं येगळं काय केलं होतं?”

मंडळी, वीस वर्षं प्रोग्रामिंग करतोय, पण असा कोड रिव्ह्यू कुणी केला नव्हता.

बरोबरच होतं त्यांचं. उद्या ही फाईल कुणी साध्या नोटपॅडात उघडली तर तिथेही ‘४३’ असंच दिसायला हवं, आणि नावं सुटी सुटी दिसायला हवीत. मी आकडे मराठीच ठेवले आणि प्रत्येक नावानंतर एक रिकामी ओळ सोडली. मार्कडाउनच्या दृष्टीनं ती यादी नाही, नुसते ४३ छोटे परिच्छेद आहेत. प्रिव्ह्यूत जरा सैल दिसतं. दिसू दे.

मग आम्ही एकेक नाव वाचलं. अण्णा प्रत्येक नावापाशी काहीतरी सांगायचे. हा पुढे मुंबईला गेला, हिचा मुलगा तलाठी झाला, हा त्याच कामावर गेला. ३१ व्या नावावर थांबलो. तिथे एक अक्षर नव्हतंच. एक चौकट, पुढे ‘नाबाई’. ज्या घरात ते अक्षर होतं ते घर अशा जागी होतं, की फाईल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना तिथला क्रमांक गळून पडतो. इतरत्र तसं झालं होतं तिथे मागच्यापुढच्या शब्दांवरून अक्षर कळत होतं. नावात कसं कळणार? जना की धना? अण्णांनी डोळे मिटून खूप आठवलं. नवऱ्याचं नाव आठवलं, घर कुठे होतं ते आठवलं, डोईवर पाटी घेऊन कशी चालायची तेही आठवलं. नाव आठवेना.

“चेहरा समोर दिसते,” म्हणाले. “नाव नाही येत.”

सुट्टी संपली, मी पुण्याला परत आलो. फाईल आणली, ३१ व्या ओळीत चौकट तशीच ठेवून. म्हणून मागच्या शनिवारी लेख आला नाही.

मंगळवारी रात्री अण्णांचा फोन. या वयात, एका डोळ्यानं, एसटीनं गावी जाऊन आले होते. त्या कामावर असलेली एक आजी अजून आहे, तिला विचारलं. “जना होय. जनाबाई. धना तिची जाऊ होती, ते येगळी.”

मी फोन कानाला लावूनच फाईल उघडली, चौकटीच्या जागी ‘ज’ लिहिला, सेव्ह केलं. म्हणालो, “अण्णा, लिहिलं. पण तुम्हाला आत्ता दिसणार नाही, टॅबलेटवर पाठवायची सोय इथून केलेली नाहीये. पुढच्या वेळी आलो की दाखवतो.”

“मले नाही दिसलं तरी चालते,” म्हणाले. “तू लिहिलंस ना बरोबर?”

हो म्हटलं.

पुस्तकाचं छापायचं बघतोय. तोवर ती फाईल चार ठिकाणी ठेवली आहे, आणि एक प्रत कागदावर काढून अण्णांना पाठवली आहे. साध्या अक्षरात, #आणि चांदण्यांसकट. वाचता येते.